सयाजीमामा आणि अजगरांची भावकी

आमच्या कंपनीत कुठल्याही देशाचं नाव निघालं की सयाजीमामा एकच प्रश्न विचारतात, तिथं अजगर आहे का? असला तर देश चांगला. नसला तर ते नुसतं ‘च्च’ करतात आणि त्या देशाला जाणाऱ्या पेटीवर हातोडा उचलतात. मागे जर्मनीच्या चौदा पेट्या त्यांनी अशाच ‘च्च’ करत बांधल्या. “एवढा मोठा देश आन् एक अजगर न्हाई. दिवस कसं काढीत असतील वो?”

मी स्वप्नाली. मूळची परभणीची, राहायला चिखलीत, आणि नोकरीला चाकणच्या या कंपनीत, क्वालिटी खात्यात. आम्ही गाड्यांचे गिअर बनवतो. माझं काम लोकांच्या कामातली खोट काढायचं, आणि स्वभावही त्याला साजेसाच आहे असं माझ्या घरचे म्हणतात. सापांबद्दल तेव्हा माझं मत अगदी सरळ होतं. ते जगात खुशाल असावेत, पण मी जिथं आहे तिथं नसावेत.

सयाजीमामा पॅकिंगचे सुतार. वय छप्पन्न, शिक्षण सातवी, गाव कंपनीच्या कुंपणाला लागून. पाइन लाकडाच्या फळ्या कापून ते परदेशी जाणाऱ्या मालाच्या पेट्या करतात आणि पेटीवर स्टेन्सिल ठेवून काळ्या रंगानं देशाचं नाव उमटवतात. खिळा दोन घावांत आत जातो. तिसरा घाव घालताना त्यांना कुणी पाहिलेलं नाही, आणि ही गोष्ट ते स्वतःच दिवसातून एकदा तरी सांगतात.

त्यांच्या शेडच्या भिंतीवर प्लायवूडचा एक मोठा नकाशा आहे. जगाचा. त्यांनी स्वतः कापून, घासून, रंगवून केलेला. आफ्रिका जरा लठ्ठ झालीय आणि युरोप चिरडल्यासारखा दिसतो, पण ओळखू येतं. त्यांची नात दिव्या कॉलेजात आहे. ती मोबाइलवर वाचून सांगते आणि मामा जिथं जिथं अजगर राहतो तिथं खिळा मारून त्याला पेटी बांधायच्या पट्टीचा रंगीत तुकडा अडकवतात.

मी कंपनीत नवी होते तेव्हा मला वाटायचं, अजगर म्हणजे अजगर, त्यात काय पाहायचं? तसं म्हणाले आणि पस्तावले. मामांनी माझा चहा गार केला.

“ताई, ही भावकी हाय. दहा घरं. आडनाव एक, पर ऱ्हायला सगळी पांगल्याली.” मग बोट नकाशावर फिरायला लागलं. पश्चिम आफ्रिकेत घानाच्या बाजूला एक बुटकं घर आहे, ते भ्यालं की डोकं आत घालून चेंडूसारखं गोळा होतं. अंगोला आणि नामिबियाच्या खडकांत एक घर आहे, ते फारसं कुणाच्या दृष्टीस पडत नाही. आफ्रिकेत दोन दांडगी घरं आहेत, एक वरच्या अंगाला आणि एक खालच्या. तिकडं सुमात्रा, बोर्निओ आणि मलेशियाकडे आखूड शेपटीची तीन घरं. बर्मात तर एक घर इतकं लहान की आजवर एकाच जंगलात सापडलंय.

“आणि ऑस्ट्रेलिया? तिथं म्हणे ढीगभर अजगर आहेत,” मी उगाच डिवचलं.

“हायेत की. पर त्ये चुलत. त्यांची भावकी निराळी.” मामा गंभीर झाले. “आन् त्यो जाळीवाला, जगात सगळ्यात लांब, त्योबी आदी आपल्यातच हुता. मग शास्त्रज्ञांनी वाटणी केली. येगळा काढला त्येला.” हे त्यांनी अशा सुरात सांगितलं की जणू वाटणीच्या वेळी तेही तलाठ्याकडे गेले होते.

“आणि आपला?”

“आपला आन् बर्मातला मोठा, दोगं आदी एकाच घरातलं धरायचे. आता दोन घरं झाली.” एवढं बोलून ते उठले आणि रंधा शोधायला लागले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, बर्माला खिळा होता, घानाला होता, पार बोर्निओलाही होता. भारतावर मात्र एकही खिळा नव्हता. मी खोट काढणारी बाई. “मामा, घरचंच विसरलात की!” मी हसून म्हणाले. ते हसले नाहीत. नंतर बघू म्हणाले. ती नंतरची वेळ चार वर्षं आली नाही, आणि मीही मग विचारायचं सोडून दिलं.

यंदा मे महिन्याच्या सुरुवातीला आमचा फोर्कलिफ्टवाला अझहर सकाळी पावणेसातला माझ्या टेबलापाशी आला. गडी एरवी दोन टनांची पेटी उचलून शिट्टी वाजवत जातो, पण त्या दिवशी त्याची बोबडी वळली होती. “मॅडम, मागच्या फळ्यांच्या चळतीखाली… पाइप नाही तो. पाइप समजून मी पाय ठेवणार होतो!”

पॅकिंग शेडच्या मागे जुन्या पॅलेटची, म्हणजे मालाखाली ठेवायच्या लाकडी चौकटींची, चळत होती, पावसाळ्यापूर्वी भंगारात जायची. मी लांब उभी राहिले. मामा मात्र पोटावर आडवे पडून टॉर्च मारत होते. बराच वेळ त्यांचे फक्त बूट दिसत होते. मग ते बूट एकदम हलले आणि मामा उठून बसले. अंगभर भुसा, आणि चेहरा असा की मला वाटलं यांना लॉटरी लागली.

“बाळंतीण हाय,” ते कुजबुजले. “अंड्यांवर बसलीया.”

त्यांनी मला ओढतच पुढं नेलं. मी डोळे बारीक करून, निम्मी मागे वळून पाहिलं. चुंबळीसारखे वेटोळे, त्यावर ठेवलेलं डोकं आणि वेटोळ्यांच्या फटीत पांढरं काहीतरी. पहाटेचा गारवा अजून जमिनीत होता. मधूनच त्या जाड अंगाला बारीक झटका बसायचा, पुन्हा बसायचा.

“आजारी आहे का?”

“न्हाई वो. अंग हालवून ऊब देती ती अंड्यास्नी. तोंडात घास न्हाई, पाणी मिळालं तर मिळालं. दोन महिनं अशीच बसणार.”

माझ्या बहिणीला मुलगी झाली तेव्हा ती थंडीत रात्र रात्र पोरीला पोटाशी धरून बसायची. मला ते आठवलं, आणि खरं सांगते, मला त्या सापाची भीती वाटायची राहिली. सगळी नाही, पण निम्मी तरी.

मामांनी वनखात्याला फोन केला. दुपारी एक वनरक्षक बाई आल्या, वाकून पाहिलं, फोटो काढले आणि स्पष्टच बोलल्या. अंडी उचलून केंद्रात नेता येतील, पेटीत उबवता येतील. पण हलवाहलवीत काही दगावतात, आणि आई पुन्हा अंड्यांवर बसेलच असं नाही. कंपनीनं जागा दोन महिने तशीच ठेवली तर सगळ्यात बरं. काय करायचं ते कंपनीनं कळवावं.

कंपनी म्हणजे आमचे प्लँट हेड, दिग्विजय सर. माणूस वाईट नाही, पण नऊ दिवसांवर ग्राहकाचं ऑडिट आलं होतं, आणि ऑडिट आलं की सरांना झुरळसुद्धा कंपनीच्या विरुद्ध कट करतंय असं वाटतं. ऑडिटरचा फिरायचा रस्ता नेमका त्या चळतीवरून जात होता. “उद्या संध्याकाळपर्यंत ती जागा मोकळी हवी,” सर म्हणाले. “वनखातं नेतंय ना? मग नेऊ द्या. पेटीत उबवतील. विषय संपला.”

विषय कसला संपतोय! दुसऱ्या दिवशी दहाच्या चहाला मामा आले नाहीत म्हणून मी शेडमध्ये गेले. ते नकाशासमोर बसले होते, हातात हातोडा, पण काम काही नाही.

“ताई, तुमी इचारलं हुतं ना, हितला खिळा का न्हाई?” ते आपणहून बोलायला लागले. “ही कंपनी उभी ऱ्हायच्या आदी हितं माळ हुता. पाया खणायला म्या मजूर म्हणून हुतो. एका बिळातनं पिल्लं निघाली. अंगावर ठिपकं. कुणीतरी वरडलं, घोणस! घोणस चावली की माणूस जातो. माज्या हातात फावडं हुतं. अकरा मारली, ताई. म्या एकट्यानं. लोकांनी शाबासकी दिली, च्या पाजला. दुसऱ्या दिशी एक फॉरेस्टवाला आला. म्हणला, अरे येड्या, ही अजगराची पिल्लं. ह्येंच्यात इख नसतं. घोणशीच्या ठिपक्यांची साखळी असती, वळीनं. ह्येंचं ठिपकं आडवंतिडवं. एवढा साधा फरक. मला ठावं नव्हता.”

मामांनी हातोडा खाली ठेवला.

“म्हणून शिकलो सगळं. जगातली दहा घरं पाठ केली. पर हितं खिळा मारायला हात उचलत न्हाई. मीच त्यांचं घर मोडलं, आन् नकाशावर हितं राहत्यात म्हणून कोणत्या तोंडानं लिवू? ही अंडी जर हितंच फुटली…” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायला जागा शोधत होते.

मी उठले, टेबलाकडे गेले आणि माझं लाल टॅगचं बुक काढलं.

हा लाल टॅग म्हणजे आमच्याकडची मोठी चीज आहे. मालाबद्दल शंका असली की क्वालिटीवाला त्यावर लाल ‘होल्ड’ टॅग लावतो. मग तो माल जिथं आहे तिथंच राहतो. क्वालिटीच्या सहीशिवाय कुणी तो हलवायचा नाही, झाकायचा नाही, ऑडिटरपासून लपवायचा तर मुळीच नाही. मागच्या वर्षी होल्डचा माल घाईघाईत रवाना झाला आणि तिकडून तसाच परत आला, तेव्हापासून तर दिग्विजय सरांनी स्वतःचा फोटो घालून बोर्डच लावलाय : ‘लाल टॅग म्हणजे लक्ष्मणरेषा. मीसुद्धा ओलांडणार नाही.’

मी टॅग भरला. वस्तूचं नाव : अंडी, अजगराची. होल्डचं कारण : प्रक्रिया अपूर्ण. जबाबदारी : सयाजी, पॅकिंग. मुदत : दोन महिने. खाली सही केली, झोकदार. मामांनी तो टॅग चळतीला बांधला, चारी बाजूंनी पिवळी पट्टी मारली आणि ऊन लागू नये म्हणून फळ्यांची एक छपरीही उभी केली.

दिग्विजय सरांनी शेड डोक्यावर घेतलं. “स्वप्नाली, डोकं ठिकाणावर आहे का? अंड्यांना टॅग? काढ तो!”

“काढते सर. तुम्ही लेखी द्या की क्वालिटीचा होल्ड तुमच्या सांगण्यावरून उठवला.”

सरांनी बोर्डावरच्या स्वतःच्या फोटोकडे पाहिलं. फोटोतले सर हसत होते, खालचे नव्हते. “ऑडिटमध्ये काही झालं तर तुझं नाव पुढं करीन,” असं म्हणून ते गेले. त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. शौर्य आधी दाखवायचं आणि घाबरायचं नंतर, ही माझी जुनी खोड.

ऑडिटर आला तो नेमका जर्मनीचा. उंच, शांत, आणि बोट लावून धूळ बघणारा. दिवसभर त्याला काहीच सापडलं नाही. सरांच्या चेहऱ्यावर रंग परत यायला लागला. मग तो शेडमागे वळला आणि लाल टॅगपाशी थांबला. मी त्याला इंग्रजीत वाचून दाखवलं. तो खाली बसला आणि त्यानं वाकून आत पाहिलं.

“दोष काय आहे यात?” त्यानं विचारलं.

“दोष नाही. काम चालू आहे, अजून पुरं झालेलं नाही.”

मामा मागून मला म्हणाले, “त्येला सांगा, तुमच्याकडं न्हाईत म्हणून नीट बघून घ्या म्हणावं.” मी त्यातलं नीट बघून घ्या एवढंच सांगितलं.

संध्याकाळी सगळ्यांसमोर त्यानं निकाल वाचला. कंपनी पास. फक्त एक चूक त्यानं लेखी काढली होती, तिला आम्ही एनसी म्हणतो. एनसी निघाली की ती सुधारून, पुराव्यासकट तिकडं कळवावी लागते, तोवर फाइल उघडी राहते. ती चूक अशी होती : शेडमागील होल्ड टॅगवर संख्येचा रकाना रिकामा. सुधारणेची मुदत साठ दिवस.

माझे कान तापले. रोज लोकांना रिकाम्या रकान्यांवरून झापणारी मी, माझ्याच टॅगवर संख्या लिहायची विसरले होते. विसरले म्हणजे काय, ती बया अंड्यांवर बसलेली, मोजणार कशी?

दिग्विजय सरांनी कागद हातात घेऊन पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाले, “म्हणजे मोजल्याशिवाय एनसी बंद होणार नाही. आणि ती उठल्याशिवाय मोजता येणार नाही.” आणि हा माणूस चक्क हसायला लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः वनरक्षक बाईंना फोन करून सांगितलं की अंडी हलवायची नाहीत, आमची एनसी उघडी आहे.

त्यानंतरचे दिवस मला फार आवडले. मामा रोज कामावर आल्यावर आधी तिकडं जायचे, पाण्याची पाटी बदलायचे आणि मग हजेरीचं कार्ड पंच करायचे. कँटीनच्या अंबुबाई येता जाता “बाळंतीण कशी हाय?” विचारायच्या. सर स्वतः राउंडला आले की लांबून मान वाकडी करून बघायचे आणि कुणी पाहिलं की घड्याळ बघायचे.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी अझहरची आरोळी आली, “घोणस! घोणस! मामा, लांब व्हा!” आम्ही धावलो. पिवळ्या पट्टीच्या बाहेर हातभर लांबीचं एक ठिपकेदार पिल्लू होतं आणि अझहरनं पट्टी ताणायची लोखंडी दांडी उगारली होती.

मामा मधे शिरले. छप्पन्न वर्षांचा माणूस इतक्या चपळाईनं हलतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी अझहरचं मनगट धरलं, ओरडले मात्र नाहीत. “भावा, थांब. आदी बघ. ठिपक्यांची साखळी हाय का? न्हाई ना? आडवंतिडवं हायेत. डोस्कं गुलाबी हाय बघ. ही आपली पोरं हायेत.”

अझहरनं दांडी खाली टाकली. तो आधी पांढरा पडला, मग वाकून पाहिलं आणि म्हणाला, “अरे यार, किती गोड आहे!” मामा तिथंच फळीवर बसले. त्यांना काय आठवलं ते तिथं फक्त मला माहीत होतं. मी त्यांच्या शेजारी बसले.

आई निघून गेली होती. धुळीत तिच्या अंगाची सरळ रेघ कुंपणाच्या गटाराकडे गेली होती. आत अंड्यांची चामड्यासारखी टरफलं चिरलेली होती आणि चिरेतून एकेक डोकं बाहेर बघत होतं, आत जात होतं, पुन्हा बघत होतं. मोजायचं काम माझं. मी, परभणीची स्वप्नाली, पोटावर आडवी पडून टॉर्च मारत, अजगराच्या पिल्लांची डोकी मोजत होते. तीनदा मोजली. तीन अंडी वाया गेली होती. जिवंत, बाहेर आलेलं धरून, एकवीस.

दुसऱ्या दिवशी सगळी बाहेर आली तेव्हा वनरक्षक बाईंनी ती पिशव्यांत भरली, जवळच्याच डोंगराच्या झाडीत सोडायला. मी टॅगवर संख्या लिहिली. खाली तीन चौकोन असतात, स्वीकार, दुरुस्ती, भंगार. ‘स्वीकार’वर खूण केली आणि सही केली. शेवटचा रकाना, रवानगी कुठे. मी पेन मामांच्या हातात दिलं. त्यांनी स्टेन्सिलसारखी एकेक अक्षर काढून लिहिलं, ‘इथंच’.

मग ते शेडमध्ये गेले. आम्हीही मागोमाग, अझहर, अंबुबाई, दिग्विजय सरसुद्धा. मामांनी हिरव्या पट्टीचा एक तुकडा कापला, एक नवा खिळा घेतला आणि भारताच्या पश्चिमेला, जिथं चाकण यायला पाहिजे तिथं, तो धरला. पहिला घाव खिळ्यावर बसला. दुसरा अंगठ्यावर. तिसरा भिंतीवर. डोळ्यांत एवढं पाणी असताना माणसाला खिळा दिसणार कसा?

“मामा, तिसरा घाव!” अझहर ओरडला आणि सगळे हसत सुटले. मामाही रडता रडता हसत होते. खिळा बसायला सात घाव लागले. मी मोजले.

अंगठा तोंडात धरून त्यांनी तो खिळा एकदा हलवून पाहिला. मग माझ्याकडे वळले. “ताई, त्या जर्मनीवाल्याला कळवायचं हाय ना?”

“हो, एनसी बंद करायला. संख्या एकवीस, असं कळवते.”

“संख्या कळवा. आन् खाली लिवा, आमच्यात राहत्यात म्हणावं.”

मी तसंच लिहिलं.